खालून दिसणारा बेडूक

महालिंगप्पाच्या म्हशीनं ऐन चैत्रात दूध आखडलं, तेव्हा गावानं पहिला संशय म्हशीवरच घेतला. हे गावाच्या बाजूनं आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं गावाच्या बाजूनं सांगण्यासारखं फार काही नाही.

चार वर्षं दोन्ही वेळ कासंडी भरणारी ती म्हैस आता त्याची बायको चन्नम्मा कासेखाली बसली की लाथ झाडायची, अंग चोरायची आणि पान्हा वर ओढून घ्यायची. दोन दिवस सरकी वाढवून पाहिली. एक दिवस रेडकू मोकळं सोडून पाहिलं. मग महालिंगप्पानं दुसरा संशय घेतला तो म्हशी वळणाऱ्या म्हाताऱ्यावर. हा माळावर परस्पर धार काढतो की काय? म्हाताऱ्यानं बिरोबाची शपथ घेतली. पण वीस वर्षं किराणा दुकानात बसलेला माणूस शपथेकडं बघत नाही, तराजूच्या दांडीकडं बघतो. महालिंगप्पा एक अख्खा दिवस म्हशींमागं उन्हात हिंडला. संध्याकाळी त्याला एवढंच कळलं, की म्हाताऱ्याचे पाय आपल्यापेक्षा चांगले आहेत.

पाचव्या दिवशी चन्नम्माला ती वस्तू सापडली.

म्हशीची मागची मांडी आणि कास जिथं मिळतात त्या खाचेत ती रुतून बसली होती. बोटभर लाकूड. त्याला काळ्या कोंबडीची पिसं बांधलेली. मागं माणसाच्या केसांच्या दोन बटा. पाठीवर लाल दोऱ्याचे वेढे. पोटातून निघालेला लोखंडी आकडा, आणि त्याचं टोक कातडीत शिरलेलं. तोंड नाही, डोळे नाहीत.

चन्नम्मा ओरडली नाही. तिनं नवऱ्याला दुकानातून बोलावून घेतलं आणि नवऱ्यानं मार्तंडला. मार्तंड म्हणजे गावचा देवऋषी. त्याच्याकडं प्रत्येक दुखण्यावर एक उतारा असे आणि प्रत्येक उताऱ्याबरोबर एका माणसाचं नाव असे.

"भानामती," मार्तंड गोठ्याच्या उंबऱ्यावरूनच म्हणाला. "आंधळी भावली हाय ही. डोळं दिलेलं न्हाईत. करणाऱ्याचं नाव तिला सांगता येऊ न्हाय म्हून."

"मग तुला कसं सांगता येतंय?" महालिंगप्पा म्हणाला.

"केसावरनं, अप्पा. एवढा लांब केस बाईचाच. आन् जरा वास घेऊन बगा."

महालिंगप्पा लिंगायत. मासळीचा वास घ्यायला नाक जवळ न्यावं लागतं, एवढीही त्याला सवय नव्हती. त्याला तो दारातूनच आला. गावात मासळीचा वास असलेली बाई एकच होती.

मार्तंडनं चिमट्यानं आकडा काढला, जखमेत हळद भरली आणि म्हशीवरून लिंबू उतरवलं. तिसऱ्या दिवशी म्हशीनं कासंडी भरली. गावानं सगळं श्रेय लिंबाला दिलं; हळदीचं नाव कुणी काढलं नाही.

आता कडूबाईबद्दल. भोयाची विधवा, वय पस्तिशीच्या पुढं-मागं. तीन वर्षांपूर्वी नवरा तापानं गेला, आणि तळ्याच्या बांधावरची झोपडी, एक वेळूची काठी आणि तळ्यावर गळ टाकायची वहिवाट एवढं तिच्याकडं राहिलं. तिचा दीर बलभीमही त्याच तळ्यावर मासे धरायचा. दोघांत बोलणं नव्हतं. बलभीमचं म्हणणं, भाऊ गेला तिथं भावाची वहिवाट संपली. कडूबाईचं म्हणणं, मी कुठं गेलेय?

पण गावाच्या मनात तिच्याबद्दल जे होतं ते वहिवाटीमुळं नव्हतं, मरळ माशामुळं होतं. उन्हाळ्यात तळं आटत येतं, बेडूक चिखलात खोल दडतात आणि मरळीच्या गळाला लावायला काही मिळत नाही. बलभीम दिवसभर गांडुळं लावून बोटाएवढ्या मासळ्या काढायचा. त्याच दिवशी कडूबाई हातभर लांबीच्या तीन-तीन मरळी टोपलीत घालून नळदुर्गच्या बाजाराला जायची. बेडूक ती कुठून आणते, हे कुणी पाहिलं नव्हतं. आणलेला बेडूकही कुणी पाहिला नव्हता. न पाहिलेल्या गोष्टी आमच्याकडं वाया जात नाहीत, त्या साठवून ठेवतात.

त्या साठ्याला आता तोंड फुटलं. 'त्या वस्तू'चे साक्षीदार दोन दिवसांत सतरा झाले. ज्या कोनाड्यात ती सुपाखाली झाकून ठेवली होती, त्याच्यापुढं एका वेळी दोन माणसं जेमतेम उभी राहतात, आणि चन्नम्मानं तिथं कुणालाच उभं राहू दिलं नव्हतं. तरी सतराजणांनी ती पाहिली होती. त्यातल्या चौघांना ती हलताना दिसली होती.

मंगळवारी चावडीवर गाव जमलं. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष होत आलं होतं, ग्रामपंचायत नवीकोरी होती आणि महालिंगप्पा तिचा पहिला सरपंच. फिर्यादी तोच, न्याय देणारा तोच. हे त्याला स्वतःलाही जरा खटकत होतं, म्हणून तो नेहमीपेक्षा हळू बोलत होता.

"कडूबाई, गावाचा इचार असा हाय, की अमावस्येच्या आत झोपडी मोडायची आन् तळं सोडायचं. तुला काय म्हनायचंय?"

"आधी ती वस्तू तरी दाखवा, अप्पा."

वस्तू सुपाखाली झाकूनच चावडीवर आणली होती; ते सूप उचललं गेलं. कडूबाई पुढं झाली, वस्तू उचलून तळहातावर घेतली आणि उलटीसुलटी करून पाहिली.

"ही माझीच हाय. आठ रोज झालं हरवून. दोर तुटला व्हता. कुठं गावली?"

चावडीची थोडी निराशा झाली. कबुली एवढ्या लवकर आली की पुढच्या सतरा साक्षींचं करायचं काय, हा प्रश्न पडला.

"म्हशीच्या कासंत गावली," चन्नम्मा खांबाआडून म्हणाली.

"म्हशी डुंबतात तिथंच माझा दोर तुटला, अक्का. रुतली असंल. मुकं जनावर, किती दुखलं असंल." कडूबाईनं ती वस्तू खाली ठेवली. "हा गळ हाय. मरळीचा."

"गळाला गांडूळ लावतात," मार्तंड म्हणाला. "बाईचे केस कोन लावतंय?"

महालिंगप्पानं हात वर केला. गावात दुसरा जाणकार होताच. "बलभीम, तू भोई. हिकडं ये. हा गळ हाय का?"

बलभीमनं वस्तू हातात घेतली आणि जरा जास्तच वेळ हातात ठेवली. दोन वर्षं तो बाभळीआड बसून भावजय गळाला काय लावते ते बघायचा प्रयत्न करत होता, आणि ती दोन वर्षं त्याच्याकडं पाठ करून बसत होती. आता ते त्याच्या तळहातावर होतं.

"आमच्या बापजाद्यात असला गळ न्हाय, अप्पा," तो म्हणाला.

वाक्य पुरं खरं होतं. तळं रिकामं झालं तर ते कुणाचं होणार, हेही चावडीवर सगळ्यांना ठाऊक होतं. पण दोन खऱ्या गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून बघायचं कुणाला सुचलं नाही. बलभीमनं वस्तू खाली ठेवली.

कडूबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "कसा हाय गळ ते दाखवते मी. पर भावजींना घरी पाठवा."

"का?"

"त्यांच्यापुढं दाखवलं, तर माझ्याजवळ काय ऱ्हायलं, अप्पा? तळं दोघांचं हाय. हे एकटीचं हाय."

महालिंगप्पाचे डोळे बारीक झाले. दुकानात उधारीवाल्यानं पुडी पदराखाली धरली की असे व्हायचे. "जे समद्यांपुढं दाखवता येत न्हाय, त्यालाच तर हितं भानामती म्हनतात. दाखवायचं तर समद्यांपुढं. न्हायतर अमावस्या शनिवारी हाय."

कडूबाईनं दोन्ही बाजू तोलल्या. एका बाजूला झोपडी आणि दुसऱ्या बाजूला ती झोपडी ज्याच्यावर चालत होती ते गुपित. शेवटी तिनं पदर खोचला.

"काचंची बरणी लागंल एक. मोठ्या तोंडाची."

मोठ्या तोंडाची काचेची बरणी गावात एकाच ठिकाणी होती. लिमलेटच्या गोळ्यांची. महालिंगप्पानं आधी विचारलं, बरणीला वास लागेल का. मग विचारलं, फुटली तर. मग दुकानातली कोपरा उडालेली बरणी गोळ्या काढून आणवली. कडूबाईनं ती तळ्याच्या पाण्यानं भरली, आणि ती वस्तू अलगद वर सोडली. लाकूड पांगाऱ्याचं, हलकं. ते तरंगत राहिलं.

"आता वरनं बगा, काय दिसतं?"

"पिसं," महालिंगप्पा म्हणाला. "केस. लाल दोरा."

"आता बरणी डोक्यावर उचला आन् बुडातनं आभाळाकडं बगा."

हा नक्की काहीतरी डाव असणार, असा चेहरा करून महालिंगप्पानं बरणी दोन्ही हातांनी उचलली. पाण्याचे चार थेंब त्याच्या मिशीवर सांडले. मासळीच्या तळ्याचं पाणी. तो शहारला. मग त्यानं मान डावीकडं केली, उजवीकडं केली.

"दोरा कुठं गेला?"

"हाय तिथंच हाय."

"लाल काय बी दिसत न्हाय. समदं काळंच हाय." बरणी हलली तशा केसांच्या बटा पाण्यात फाकल्या, मिटल्या, परत फाकल्या. महालिंगप्पाचा आवाज खाली आला. "पाय मारतंय की हे. चन्ने, हे बग. बेंडूक हाय."

चन्नम्मानं बघितलं. मग रांग लागली. सतरा साक्षीदारांनी पहिल्यांदा ती वस्तू नीट पाहिली ती अशी, मान मोडेपर्यंत वर करून.

"मरळ वरनं बगत न्हाय," कडूबाई म्हणाली. "ती खाली दडून बसती आन् वर बगती. मालक गेले त्या उन्हाळ्यात माझा गळ मुळीत अडकला. सोडवायला बुडी मारली आन् डोळं उघडून वर बघितलं. वर थाळीएवढं आभाळ. त्यात एक वाळकं पान तरंगत व्हतं. पिवळं का हिरवं ते कळंना, निसता काळा आकार. तवा कळलं, की आपुन गळ सजवतो ते आपल्या डोळ्यांला."

"मग लाल दोरा कशाला?" मार्तंड म्हणाला.

"माझ्यासाठी. बांधावरनं मला दिसाया नको का माझा बेंडूक कुठं हाय ते?"

"आन् डोळं?"

"खालनं डोळं दिसतात का? कशाला शिणायचं?"

बरणी आता बलभीमच्या हातात होती. तो सगळ्यांपेक्षा जास्त वेळ बघत होता. आणि इथं त्याची चूक झाली. माणूस खोटं चांगलं सांभाळतो, पण आपल्या धंद्यातली शंका त्याला सांभाळता येत नाही.

"पर पोट काळं कसं?" तो बरणीखालूनच बोलला. "बेंडकाचं पोट पांढरं असतंय. पांढरं चिंधूक लावलं असतं तर मरळीनं जास्त धरलं असतं."

चावडीवरच्या सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. बलभीमनं बरणी हळूहळू खाली घेतली.

"म्हंजे हा गळच हाय," महालिंगप्पा म्हणाला, "हे तुला मघाच ठावं व्हतं."

"म्या म्हनलो, बापजाद्यात न्हाय. खोटं कुठं बोललो, अप्पा?"

"खोटं न्हाय बोललास. ते म्या बी बगतोय."

कडूबाईला उत्तर न देता गप्प राहता आलं असतं. पण प्रश्न चांगला होता, आणि तीन वर्षांत तो तिला विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. "पहिल्या साली म्या बी पांढरंच लावलं, भावजी. अख्ख्या बेंडकासारखा बेंडूक केला. मरळ फिरकंना. मग म्हनलं, देवानं त्याला पांढरं पोट का दिलं? आभाळ पांढरं, पोट पांढरं, खालनं कुनाला दिसू न्हाय म्हून. त्याला जगायचं असतंय. माझ्या बेंडकाला तर दिसायचंय."

बलभीमनं मान हलवली. त्याला पटलं होतं, आणि पटलं याचा राग आला होता.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण मार्तंडला अजून काही पटलं नव्हतं. त्याचं लिंबू पणाला लागलं होतं. "मानसाला बरणीत बेंडूक दिसला. दिसू द्या. माशाला काय दिसतंय हे कुनी बघितलंय? नजरबंदी मानसावर बी व्हती."

महालिंगप्पाला वाटलं, हे बरोबर आहे. कुणी काहीही म्हटलं की त्याला आधी ते बरोबर वाटायचं आणि मग संशय यायचा. ठरलं असं, की दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हशी पाण्यात शिरून गढूळ करायच्या आत, कडूबाईनं सगळ्यांदेखत ह्याच वस्तूवर मरळ काढायची. निघाली तर तळ्यावर राहायची. नाही निघाली तर शनिवार.

सकाळी बांधावर अर्धं गाव रांगेनं उभं होतं. पाणी नितळ होतं. कडूबाईनं दोर बांधला, दोन वेळा टाकला, काठीच्या शेंड्यानं वस्तूला पाण्यावर टप-टप उड्या मारायला लावल्या. काही नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मार्तंड खाकरला.

कडूबाईनं काठी खाली ठेवली. "असं न्हाय व्हायचं. तुमी समदे तिला दिसताय."

"एवढ्या लांबनं?" महालिंगप्पा म्हणाला.

"त्या थाळीच्या काठाला टांगल्यावानी दिसतात बांधावरची मानसं. जितकं उंच, तितकं ठळक. खाली बसा. बसून बी न्हाय, आडवे व्हा. आन् अप्पा, तो पटका काढा."

बांधावर कुजबुज झाली. सरपंचाचा पांढरा पटका कुणी उतरवायला सांगावा, तेही पंचायतीनं बोलावलेल्या बाईनं, हे आजवर घडलं नव्हतं. ही आपल्याला गावापुढं उघड्या डोक्यानं लोळवते आहे, असा संशय महालिंगप्पाला आला. हिला खरोखर मरळच काढायची आहे, असाही आला. दोन्ही संशय सारख्याच वजनाचे होते. त्यानं चन्नम्माकडं बघितलं.

"झोपा की," चन्नम्मा म्हणाली. "म्हशीसाठी दिवसभर उन्हात हिंडलात, आता मरळीसाठी पडा घटकाभर."

महालिंगप्पानं पटका काढला, पोटाखाली घेतला आणि बांधावर पालथा पडला. मग सगळेच पडले. मार्तंड सगळ्यात शेवटी, आणि तोही एका कोपरावर. मासळी न शिवणारा सरपंच नाक गवतात खुपसून पाण्यातल्या एका माशाची वाट बघत होता, आणि तो यावा की येऊ नये हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं. संशय गावाला होता तेवढाच त्या मरळीला होता. फरक एवढाच, की मरळ पोटासाठी संशय घेत होती.

कडूबाई गुडघ्यावर बसली. वस्तू पाण्यावर पडली. एक उडी. थांबा. दोन उड्या. केसांचे पाय फाकले, मिटले. लाल दोरा पाठीवर चमकला, तो फक्त माणसांसाठी.

पाणी खालून फुटलं. वस्तू दिसेनाशी झाली आणि काठी कमान झाली. कडूबाईनं घाई केली नाही. मरळीला दोन हात पळू दिलं, मग ओढलं, आणि काळीशार, सापासारख्या डोक्याची मरळ बांधावर येऊन महालिंगप्पाच्या नाकासमोर शेपूट आपटायला लागली. त्यानं तोंड फिरवलं, पण पडल्या जागेवरनं उठला नाही. उठायची परवानगी आहे की नाही, हे त्याला कळेना.

"उठा आता, अप्पा," कडूबाई म्हणाली.

निवाडा तिथंच झाला. पटका परत बांधता-बांधता महालिंगप्पानं सांगितलं, की कडूबाई तळ्यावर राहील, म्हशी डुंबतात त्या बाजूला गळ टाकणार नाही, आणि म्हशीला पाच दिवस त्रास झाला म्हणून पाच दिवस तळ्याकाठचं हिरवं गवत आणून घालेल. कडूबाईनं मान डोलावली. गवत रास्त होतं. मार्तंड म्हणाला, करणी मरळीवरही असू शकते. सतरा साक्षीदारांतल्या दोघांनी ते मानलं आणि त्या दोघांनी पुढं कधी तळ्यातली मासळी विकत घेतली नाही. उरलेल्या पंधरा साक्षीदारांचं म्हणणं असं पडलं, की ती वस्तू बेडूक आहे हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी कडूबाई गवत घालून परत आली, तर झोपडीपुढं बलभीम बसला होता. त्याच्या हातात पांगाऱ्याचा तुकडा होता, काळी पिसं होती. बायकोचे केसही आणले होते. बायकोला काय सांगून आणले, ते त्यानं सांगितलं नाही.

"वैनी," तो म्हणाला. ही हाक तीन वर्षांनी आली. "हे बगा. बरोबर हाय का?"

कडूबाईनं बघितलं. पाठ सुरेख होती. पिसांवर पिसं चढवून, दोऱ्याची नक्षी घालून बेडूक अगदी देखणा केला होता.

"वरनं लई ग्वाड दिसतंय."

"मग चुकलं कुठं?"

"ते म्या सांगून कळायचं न्हाय. पान्यात शिरा, बुडी मारा, डोळं उघडे ठेवा आन् वर बगा. म्या हितं बांधावरनं ह्यो तरंगत सोडते."

बलभीम उठला. छातीइतक्या पाण्यात गेला आणि थांबला. मागं वळून बघितलं. भावजय बांधावर उभी होती, एका हातात त्याचा बेडूक, दुसऱ्या हातात वेळूची काठी. ज्या बाईला चार दिवसांत तळ्यावरून उठवायचं होतं, तिच्यापुढं पाण्यात डोकं घालायचं होतं.

"काठी खाली ठेवा की," तो म्हणाला.

"ठेवली असती. पर बेंडूक लांब कशानं ढकलू?"

बलभीमनं विचार केला. हेही बरोबर होतं. त्यानं दम घेतला, काठावरच्या बाभळीचं एक मूळ उजव्या हातानं घट्ट पकडलं, आणि ते न सोडता डोकं पाण्याखाली घातलं.